श्रावणात सोललेलं दार

मोटारीचं दार नीट लागेनासं झालं की माणसं आधी कुलपाला शिव्या देतात. बहुतेक वेळा कुलूप बिचारं निर्दोष असतं. दार अर्धवट उघडायचं आणि हँडलला धरून वर उचलून पाहायचं. हाताला ढिलेपणा लागला तर बिजागरीची खीळ झिजली आहे, दार खाली बसलं आहे, आणि कुलपाची जीभ जिथं शिरायला हवी त्याच्या खाली जाऊन आपटते आहे. बिजागरी सुधारा, कुलूप आपोआप शहाणं होतं. दार जागचं हललं नाही तर त्याच्या कडेला खडू फासायचा, एकदा लावायचं, उघडायचं. दाराच्या चौकटीच्या खांबावर जिथं पांढरं उमटेल तिथं ते घासतं आहे. हे सगळं विडी पेटवून संपायच्या आत कळतं.

हे काम मी जन्मभर केलं, आधी अमरावतीला, मग अकोल्याला. दारांतलं मला कळतं, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पुढं जे सांगणार आहे ते मला समजलं नव्हतं म्हणून घडलं, असं कोणी मानू नये. एका ड्रायव्हरनं दार न लावता गाडी हाकली आणि एक म्हातारी बाई रस्त्यावर पडली, असं आमच्या भागात पन्नास वर्षं बोललं गेलं. त्याच्या पोरांना ते चिकटलं, नातवांना चिकटलं. ते खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे त्याच आठवड्यात ज्याला कळलं होतं, असा आज मी एकटाच उरलो आहे.

आमचं घर सुतारांचं. वडील दमण्या बनवत. दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी. शिवाय घरांची दारं, खिडक्या, पाळणे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मोटारी बोटावर मोजण्याइतक्या होत्या. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांचे मालक, वकील, डॉक्टर, साहेबलोक, आणि भाड्यानं माणसं नेणाऱ्या लॉऱ्या. त्या काळच्या मोटारीचं अंग लाकडाच्या चौकटीचं असे, वरून पत्रा मढवलेला. त्यामुळे इंजिन लोहाराच्या पोरांकडे गेलं आणि दारं सुतारांच्या पोरांकडे आली. मी विशी ओलांडल्यावर नागपुरी गेटाबाहेरच्या एका कारखान्यात लागलो. मालक परतवाड्याचे, मुसलमान सुतार. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. इंजिनाचं झाकण ते उघडूनही पाहत नसत. म्हणत, "त्याचा बाप वेगळा. आपन दाराचे बाप."

त्यांनी मला दारांचे आजार शिकवले. वऱ्हाडातल्या दारांचे आजार वेगळे होते, कारण वऱ्हाडातली माती, कापूस आणि लग्नं वेगळी होती. जिनाच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कुलपात कापसाचा कीस उडून बसायचा. मालक वरून तेल सोडायचा. तेल आणि कीस मिळून लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट गोळा व्हायचा आणि जीभ आत गेली की बाहेर यायची नाही. अशा कुलपाला तेल म्हणजे विष. रॉकेलनं धुवायचं, उन्हात वाळवायचं, आणि पेन्सिलीचं शिसं कुटून त्याची पूड फुंकायची. काळ्या मातीची तऱ्हा आणखी. दाराच्या तळाशी पाणी निथळायला भोकं असतात, ती चिखलानं बुजायची. मग दार लावताना आत पाणी डचमळायचं आणि खालची लाकडी पट्टी कुजायची. उस्ताद दाराला कान लावून आरी हातात घेत आणि म्हणत, "याले लघवीची जागा मोकळी करून द्या."

लग्नसराई संपली की आमच्याकडे दारांची रांग लागायची. नवरी गाडीत बसली की तिच्या माहेरचं अर्धं गाव दोन्ही बाजूंच्या, दारांखालच्या पायफळ्यांवर चढायचं. कोणी खिडकीत डोकं घालून रडायचं, कोणी उघड्या दाराला लोंबकळून सूचना द्यायचं. गाडी वेशीपर्यंत तशीच जायची. एका मोसमात दार बोटभर खाली यायचं. गाडीच्या मालकानं तक्रार केली की उस्ताद विचारत, "लग्न कोनाचं होतं?" आणि वजनदार व्याह्यांचं घर निघालं की बिजागरी न पाहताच खीळ बदलायला काढत.

पण त्यांचा एक नियम सगळ्यांवर होता. पावसाळ्यात रंधा पेटीत. आषाढ ते भाद्रपद दाराच्या लाकडाला रंधा लावायचा नाही. विलायती गाड्यांचं लाकूड पांढरं, हलकं असायचं. आमच्या सागवानासारखं तेलकट नाही. पावसाची हवा ते अधाशासारखं पिऊन फुगायचं. श्रावणात दार खांबात फसून बसलं की गिऱ्हाईक घायकुतीला यायचं. उस्ताद त्याला म्हणत, "पानी पिऊन रायलं लाकूड. उतरू द्या. कोनी पोटभर जेवला तं त्याचं पोट कापाचं काय?" मग दार उतरवून शेडमध्ये मंद शेगडीजवळ आठवडाभर उभं करायचं, बिजागरी तपासायची, अगदीच अडलं तर बिजागरीमागची पट्टी पातळ करायची, कारण पट्टी नंतर बदलता येते. गेलेलं लाकूड परत आणता येत नाही.

हे मला तोंडपाठ होतं. पण हाताला सवय दुसरी होती. मी लहानपणापासून वडिलांबरोबर घरांची दारं बसवली होती. पावसात घराचं दार फुगलं की लोक सुताराला बोलावतात, सुतार कडेवर चार हात रंधा मारतो, दार लागतं, सुतार चहा पिऊन घरी जातो. उन्हाळ्यात त्याच दाराला बोटभर फट पडते आणि कोणाचं काही बिघडत नाही, कारण घराच्या दाराला कडी असते. कडी वरून कोयंड्यात पडते. तिला फटीशी देणंघेणं नाही. मोटारीच्या दाराला कडी नसते. असते ती कुलपातून बाहेर आलेली लोखंडी जीभ, आणि खांबावरच्या पट्टीत ती जेवढी शिरेल तेवढंच दार बंद. फट वाढली की जीभ तेवढी बाहेर राहते. दार लागल्याचा आवाज मात्र येतो. पूर्वीसारखाच येतो. सुताराच्या घरात जन्मलेल्या माणसानंच करावी अशी ती चूक होती, आणि ती मी केली.

श्रावणातली गोष्ट. अकोल्याचे एक वकीलसाहेब कामासाठी दोन दिवस अमरावतीला आले होते. त्यांची गाडी आमच्या फाटकातून आत आली तेव्हा मागचं डावं दार सुतळीनं बांधलेलं होतं. फुगून ते लागतच नव्हतं. उस्ताद तेव्हा बहिणीकडे बाळापूरला गेलेले.

"मिस्त्री," वकीलसाहेब म्हणाले, "आज दार बांधून कोर्टात आलो. समोरचे वकील विचारतात, अशील पळून जाईल म्हणून बांधलंय का? मला उद्या निघायचंय. दार मला हातानं लावायचंय, सुतळीनं नाही."

"आठवडा लागेल, साहेब. लाकूड वाळवावं लागतं."

"आठवडा? मग तुमच्यापेक्षा सुतळी बरी."

सोबतचे लोक हसले. मला ते लागलं. उस्तादांच्या पाठीमागे आलेलं पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं, आणि मला दाखवायचं होतं. मी म्हणालो, उद्या दुपारी न्या.

त्यांचा ड्रायव्हर गाडीपाशी थांबला. तो बडनेऱ्याकडचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला, माझ्याच वयाचा. फार सांभाळून चालवणारा म्हणून त्याचं नाव होतं. दार लावलं की हाताच्या तळव्यानं वरून एक धक्का देऊन पाहायचा, ही त्याची सवय. मी पत्र्याची मुडपलेली कड उचकटली आणि कुलूप बसतं त्याच बाजूचं लाकूड रंध्यानं उतरवायला लागलो. तो उकिडवा बसून पाहत होता. खाली सोलपटांचा ढीग झाला तसा तो बोलला.

"मिस्त्री, लय सोलून रायले ना बाप्पा तुमी. उन्हाळा आला म्हंजे हे लाकूड वाळन. मंग कसं?"

"मंग तू रोज सकाळी दाराले लोटाभर पानी पाजत जाय."

तोही हसला. मी कड पुन्हा ठोकून बसवली, कुलूप लावलं. दार असं लागलं की विचारू नका. एक खट्, मग दुसरा खट्, मध्ये हवेचा एक सुस्कारा. वकीलसाहेबांनी दुसऱ्या दिवशी तीनदा उघडून लावून पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. उस्ताद परत आल्यावर मी त्यांना एवढंच सांगितलं की एक दार फसलं होतं, सोडवून दिलं.

हिवाळ्यात काही झालं नाही. वैशाखात व्हायचं ते झालं. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन लाकडातला थेंबन्‌थेंब शोषून घेतं. घराच्या तुळयाही भर दुपारी कडकड वाजतात. वकीलसाहेबांची थोरली बहीण, विधवा, साठीची, त्यांच्याकडेच राहायची. घरात तिला आक्का म्हणत. अमरावतीला नात्यात लग्न होतं म्हणून ती आणि वकीलसाहेबांची पत्नी गाडीनं निघाल्या. मूर्तिजापूर मागे पडल्यावर रस्त्यात एक नाला आडवा येतो. गाडी त्यात उतरून वर चढताना चौकट किंचित पिळली गेली, आणि डावं दार सुटलं. त्या गाडीच्या मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. असं दार जरा उघडलं की समोरचा वारा त्याला धरून फाडकन् मागे नेतो. आक्का दाराला टेकून बसली होती. ती दारासोबत बाहेर गेली.

खुब्याचं हाड मोडलं. चार महिने ती अंथरुणात होती. पुढं काठी घेऊन चालली, पण देवळाच्या पायऱ्या तिला कधी चढता आल्या नाहीत.

ड्रायव्हर एकच सांगत होता: दार मी लावलं होतं. आणि आक्का म्हणत होती: दार बंद होतं, मी त्याला टेकूनच बसले होते. दोघांचंही कोणी मानलं नाही. शेवटी वकीलसाहेबांनी ठरवलं की दाराचा मिस्त्री सांगेल ते खरं. सकाळी ते गाडी घेऊन आले, ड्रायव्हरला सोबत आणलं, पण गाडी दुसऱ्याकडून चालवून घेतली. "मी दुपारपर्यंत कोर्टात आहे," ते मला म्हणाले. "नीट पाहा. मी आलो की सांगा."

ड्रायव्हर कडुनिंबाखाली बसला. मी दारापाशी गेलो. खडू लागला नाही, उचलून पाहावं लागलं नाही. दहा पावलांवरून फट दिसत होती. तरीही मी परीक्षा केली. कंदिलाची काजळी बोटावर घेऊन जिभेला फासली, दार लावलं, उघडलं आणि खांबावरच्या पट्टीवर काळं किती उमटलं ते पाहिलं. निदान नखभर उमटायला हवं. ज्वारीच्या दाण्याएवढं उमटलं होतं. एवढ्या आधारावर ते दार अकोल्याहून मूर्तिजापूरपर्यंत बंद राहिलं, हेच नवल होतं. मी काजळी पुसून टाकली. आधी पट्टीवरची पुसली, मग बोटावरची.

दुपारी वकीलसाहेब आले. आवारात आमचे चार कारागीर आणि रस्त्यावरचे दहा-बारा रिकामे लोक जमले होते.

"मला पाल्हाळ नको," ते म्हणाले. "हो की नाही, एवढंच. कुलपात दोष आहे?"

"नाही, साहेब."

"जीभ आतबाहेर नीट होते?"

"होते."

ड्रायव्हर उठून पुढं आला. "मिस्त्री, फट पाहा ना. बोट जाते तिच्यात. तुमीच सोललं होतं ना ते, मी होतो इथं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हणालो, "फट सगळ्याच दारांना असते."

"साहेब, मी दार लावलं होतं," तो म्हणाला. "वरून धक्का देल्ला. रोज देतो. दोन्ही आवाज आयकले म्या. आक्कासाहेबाले इचारा."

"आक्का सगळ्यांचीच बाजू घेते," वकीलसाहेब म्हणाले. "लहानपणी आंबे आम्ही चोरायचो आणि नाव ती स्वतःचं सांगायची." मग माझ्याकडे वळून, "तरी एकदा घट्ट करून द्या."

मी त्याच दुपारी खांबावरच्या पट्टीमागे लोखंडी पत्र्याचे दोन तुकडे घातले आणि पट्टी पुढं आणली. दोष नव्हता तर ते तुकडे कशाला, हे त्या आवारात कोणी विचारलं नाही. ड्रायव्हर पाहत होता. मी दुसरा तुकडा घातला तेव्हा तो उठला आणि फाटकातून चालत निघून गेला. साठ मैलांवरून त्याला आणलं होतं ते याच्यासाठी.

संध्याकाळी उस्तादांनी त्या दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. त्यांना विचारायचीही गरज नव्हती. "पावसात रंधा मारला?"

"हो."

"जाऊन सांगून ये."

मी सांगतो म्हणालो. त्यांनी पुढं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी काहीतरी काम काढलं. मग ते विचारेनासे झाले आणि माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. दारं मात्र माझ्याकडेच यायची. त्या खोटेपणानं माझं नाव वाढलं, हेही लिहून ठेवायला हवं. वकिलासमोर ठाम बोलणारा मिस्त्री म्हणून लोक मला ओळखू लागले.

ड्रायव्हरला कोणी गाडी दिली नाही. अकोल्यात नाही, अमरावतीत नाही, लॉरीवाल्यांनीसुद्धा नाही. तो घरच्या भाजीच्या मळ्यात परत गेला. आमच्या लोकांना एखाद्याला नाव ठेवायला वेळ लागत नाही. त्याला 'उघड्या दारवाला' म्हणायला लागले. आठवडी बाजारात कोणी म्हणायचं, "उघड्या दारवाल्याची वांगी घ्या, पिशवीचं तोंड बांधून आना."

एकदा, दोन-तीन वर्षांनी, त्याच बाजारात मी त्याच्यासमोर आलो. मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होता. मला पाहून त्यानं हात पुसले.

"या मिस्त्री. काय देऊ?"

"मेथी दे."

त्यानं दोन जुड्या दिल्या आणि हळूच म्हणाला, "आता वकील नाई इथं. तुमी अन् मी हाओ. एक सांगा मले. बंद होतं ना?"

त्याला नोकरी नको होती, माफी नको होती. लोक वर्षानुवर्षं एकच सांगत राहिले तर माणसाला स्वतःच्या हाताचीसुद्धा शंका यायला लागते. त्याला फक्त माझ्याकडून ऐकायचं होतं. मी म्हणालो, "गर्दी आहे रे, मागून बोलू," आणि मेथी घेऊन निघालो. मागून कधी बोललो नाही. अकोल्याला स्वतःचं दुकान थाटलं, पुढं संपूर्ण पत्र्याच्या गाड्या आल्या, लाकूड गेलं, उस्ताद गेले, वकीलसाहेब गेले, आक्का गेली. तो गेल्याचंही कळलं. माझी दारं उत्तमच होती. रंधा मी पावसात पुन्हा कधी हातात धरला नाही. एवढ्यानं फेड झाली असं मी बरीच वर्षं समजत होतो.

परवाच्या हिवाळ्यात चांदूर रेल्वेला एका लग्नाला गेलो. पंगतीत शेजारी वरूडकडे संत्र्याच्या बागांत ट्रॅक्टर चालवणारा एक तिशीचा गडी बसला होता. वाढणारा त्याला म्हणाला, "ओ उघडे दारवाले, जिलबी घेता का?"

मी त्याला विचारलं, "असं काहून म्हणतात तुले?"

"मले काय मालूम, आजोबा," तो हसत म्हणाला. "आमचं घरानंच उघडे दारवाले. माह्या आज्यानं कुठंतरी दार उघडं टाकून देल्लं होतं मनतात. बुढी पडली मनतात कोनी."

त्याला राग नव्हता. जिलबी खात होता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, तुझ्या घरात जुनं माणूस कोण आहे? तो म्हणाला, आत्या आहे, इथंच राहते, स्टेशनाच्या पलीकडं.

त्याची आत्या म्हणजे ड्रायव्हरची मुलगी. हे घडलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. मी दारात उभा राहून कोण, कुठला ते सांगितलं. तिनं मला आत बोलावलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसली. मी सगळं सांगितलं. संपल्यावर ती म्हणाली, "बाबा मरतपर्यंत हेच सांगत होते. शेवटच्या दुखण्यात बी. आमी हो हो मनायचो." तिनं तांब्या माझ्यापुढं सरकवला. "आमाले बी खरं वाटत नव्हतं, मिस्त्रीबाबा. घरच्याइले बी नाई."

मी म्हणालो, "बाई, तुम्ही म्हणाल त्याला मी हे सांगतो. म्हणाल तिथं येतो."

"तोंडानं नाई. तोंडानं तं बाबा बी सांगत होते. लिहून द्या. अन् दाराचं काय झालं ते समजंन असं लिवा, नाईतं लोक मनतीन बुढ्याचं डोकं फिरलं."

मी घरी येऊन दोन पानं लिहिली. बिजागरी, लाकूड, जीभ, काजळी, सगळं. पुढच्या आठवड्यात तिला वाचून दाखवलं. एका जागी तिनं मला थांबवलं. मी लिहिलं होतं की वकीलसाहेबांनी फक्त कुलपाविषयी विचारलं, आणि कुलूप खरोखर चांगलं होतं, त्यामुळे माझं उत्तर शब्दानं खोटं नव्हतं.

"हे काहून लिवलं?"

"तसंच घडलं होतं."

"घडलं असंन. पन कसंबी इचारलं असतं तरी तुमाले फट दिसून रायली होती ना?"

"दिसत होती."

"मंग तेवढं लिवा."

पन्नास वर्षं मी त्या एका वाक्यावर झोपलो होतो. मी ते खोडलं आणि लिहिलं: फट मला दिसत होती. लाकूड मी उतरवलं होतं. ड्रायव्हरनं दार लावलं होतं. खाली सही केली.

तिनं ट्रॅक्टरवाल्या भाच्याला बोलावून घेतलं. अंगणात शेजारपाजारचे सात-आठ लोक आले होते. मी येणार हे तिनं आधीच सांगून ठेवलं असावं. "मोठ्यानं वाच," ती म्हणाली. तो उभा राहून वाचू लागला. सुरुवातीला बिजागरीपाशी अडखळला, मग ट्रॅक्टर उघडून पाहणारा माणूस तो, त्याला ते आवडू लागलं. काजळीच्या जागी तो थांबला आणि मला म्हणाला, "हे बराबर हाये, आजोबा. आमी बी असंच ग्रीस लावून पायतो." आजोबाच्या नावापाशी पोचल्यावर त्याचा आवाज बदलला. शेवटचं वाक्य त्यानं वाचलं आणि कागद खाली घेतला.

भिंतीला टेकलेला एक म्हातारा म्हणाला, "आँ? मंग उघड्या दारवाला तं हा बुढा निघाला!"

अंगण हसलं. भाचा हसला. मीही म्हणालो, "हो. आजपासून ते नाव माझं. याला आता त्याच्या नावानं हाक मारा."

तिला हसू आलं नाही. तिनं कागद भाच्याच्या हातातून घेतला, घडी केली आणि विचारलं, "वकिलाच्या घरचं कोनी हाये का अकोल्यात?"

"नातू आहे. तोही वकील."

"मंग याच्या झेरॉक्स काढून आन रे. एक त्याच्या घरी द्यायची," ती भाच्याला म्हणाली, आणि मग मला, "मिस्त्रीबाबा, सोमवारी सकाळच्या गाडीनं जाऊ. मी बी येईन. तिथं मात्र तुमी वाचून दाखवा. तुमच्या तोंडानं."

मी हो म्हणालो. तिकिटं मी काढणार होतो, ती म्हणाली, आपापली काढू.